थंडीत डिझेल गाडी सुरू होत नाही? आधी ऐका, मग खर्च करा

आज गप्पा गाडीच्या. मी पेशाने आयटीवाला, मेकॅनिक नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात गाडीने मला असा धडा शिकवला, की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सासूबाई नाशिकहून पहिल्यांदाच एकट्या विमानाने येत होत्या. पहाटेचं विमान, आणि आम्ही कॉव्हेंट्रीत, म्हणजे हीथ्रो दीड-पावणेदोन तासांवर. पहाटे साडेचारला किल्ली फिरवली. बाहेर उणे पाच. इंजिन फिरत होतं, पण पकडत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहिलो आणि शेवटी बॅटरीही बसली. टॅक्सी मिळून आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई दोन तास बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फोनला रेंज नाही, इंग्रजी जेमतेम. काही बोलल्या नाहीत, पण हात गार पडले होते. थंडीने नव्हे, भीतीने.

खरी चूक त्या पहाटेची नव्हतीच. ऑक्टोबरपासून गाडी सकाळी कुरकुरत होती. मी ‘बॅटरी असेल’ म्हणून नवी बॅटरी घातली आणि विषय संपवला. ऑफिसात कुणी कारण न शोधता सर्व्हर बदलला असता, तर मी त्याची शाळा घेतली असती. घरी मीच ते केलं.

म्हणून आधी थोडं समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते, डिझेलमध्ये ठिणगीच नसते. सायकलला जोरात हवा भरली की पंपाचं टोक गरम होतं ना, तेच तत्त्व. डिझेल इंजिन हवा साधारण सोळा-अठरा पट दाबतं. ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि मग त्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण इंजिन रात्रभर गारठलं असेल तर थंड लोखंड ही उष्णता शोषून घेतं. शिवाय इंजिन हळू फिरलं तर दाबलेली हवा कडेने निसटते आणि पुरेशी तापतच नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक छोटी शेगडी असते, ग्लो प्लग. आपल्याकडचे मेकॅनिक तिला हीटर प्लग म्हणतात. नव्या गाड्यांत ती काही सेकंदांत हजार अंशांच्या आसपास लालबुंद होते.

थोडक्यात, थंडीत डिझेल गाडीला तीन गोष्टी लागतात: वेगाने फिरणं, उष्णता आणि इंधन. यातलं काय कमी पडतंय हे गाडी स्वतःच सांगते. आपण तीन साक्षीदार तपासायचे. आवाज, धूर आणि दिवा.

पहिला साक्षीदार, आवाज. किल्ली फिरवल्यावर ‘घर्र... घर्र...’ असा रडका, संथ आवाज येतो का? की नुसतं ‘टिक’? मग संशय बॅटरीवर, तिच्या टोकांवरच्या पांढऱ्या बुरशीवर, सैल वायरीवर किंवा स्टार्टरवर. दहा-पंधरा पाउंडांचा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. १२.२ म्हणजे निम्मीच उरली. सेल्फ मारताना कुणाला तरी आकडा बघायला सांगा. तो साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना साधारण चौदा दिसायला हवेत, नाहीतर अल्टरनेटर ती भरतच नाही. चुकीचं, जाड ऑइल घातलं असेल तरी इंजिन जड फिरतं. गाडीच्या पुस्तकात दिलेलाच ग्रेड वापरा.

पण आवाज ‘घरघरघर’ असा नेहमीच्या वेगाचा असेल आणि तरी इंजिन पकडत नसेल, तर बॅटरीच्या मागे लागू नका. माझी गाडी महिनोन् महिने हेच सांगत होती.

दुसरा साक्षीदार, धूर. एकाला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही मागे सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा? याचा अर्थ इंधन आत पोचतंय, पण पेटत नाही. उष्णता कमी आहे, म्हणजे संशय ग्लो प्लगवर. गाडी कशीबशी सुरू होऊन पहिला अर्धा मिनिट खडखडत, थरथरत असेल, तर एखाददुसरा सिलिंडर अजून पेटलेला नाही. हेही त्याच दिशेने बोट दाखवतं.

आणि धूर अजिबात नाही? मग इंधनच पोचत नसण्याची शक्यता जास्त. फिल्टर तुंबलाय, फिल्टरमध्ये पाणी साचलंय, किंवा एखाद्या पाइपातून हवा शिरून रात्रभरात डिझेल टाकीकडे परत गेलंय. चढावर उभी केल्यावर त्रास वाढतो आणि सपाटीवर कमी होतो असं असेल, तर हवेचा संशय पक्का. इंजेक्टर आतून गळत असले तरी सुरू होण्याइतका दाब तयार होत नाही. पण ते तपासणं गॅरेजचं काम. या पाइपांत हजारो पाउंडांचा दाब असतो, त्यातून उडालेली बारीक धार कातडीत घुसते. चालू इंजिनाचा पाइप कधीही सैल करू नका.

डिझेल गोठणं इंग्लंडात क्वचितच होतं. इथे नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पंपावर हिवाळी डिझेल मिळतं, ते उणे पंधरापर्यंत फिल्टरमधून जाण्याच्या मापाचं असतं. पण तुम्ही भारतात जाऊन आलात आणि उन्हाळ्यात भरलेलं डिझेल जानेवारीपर्यंत टाकीत राहिलं, तर कडक थंडीत त्यातलं मेण फिल्टरमध्ये अडकू शकतं.

तिसरा साक्षीदार, दिवा. किल्ली पहिल्या झटक्यात पूर्ण फिरवू नका. डॅशबोर्डवर वेटोळ्या स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबा. एक प्रयोग करा. दिवा विझला की किल्ली बंद करून पुन्हा लावा, असं दोन-तीनदा, आणि मग सेल्फ मारा. गाडी नेहमीपेक्षा चटकन पकडली तर उष्णता कमी पडत होती हे सिद्ध झालं. फुकटची परीक्षा!

आता तुम्ही विचाराल, प्लग मेला होता तर उन्हाळ्यात कसं कळलं नाही? कारण हवा उबदार असेल तर बऱ्याच आधुनिक गाड्या ग्लो प्लगशिवायही सुरू होतात. चारातला एक जातो, मग दुसरा जातो, आणि आपल्याला पत्ता लागतो तो पहिल्या हिमाच्या सकाळी.

गाडीच्या संगणकाला जोडायचा कोड रीडर वीसेक पाउंडांत मिळतो. पी ०६७१ ते पी ०६७४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या ग्लो प्लगचे. पी ०३८० म्हणजे त्या प्लगांच्या सर्किटमध्येच काहीतरी बिघाड. आणखी एक युक्ती: सकाळी गाडी सुरू करण्याआधी कूलंटचं तापमान वाचा. बाहेर दोन अंश असताना तिथे चाळीस दिसले तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि ‘इंजिन गरम आहे’ समजून संगणक प्लग तापवतच नाही.

प्लगची वायर काढून मल्टिमीटरने प्लग आणि इंजिनाचं लोखंड यांच्यामधला रोध मोजा. बहुतेक चांगले प्लग एखाद्या ओहमच्या आसपास दाखवतात, तुटलेला काहीच दाखवत नाही. सगळे ठीक असतील तर रिले आणि फ्यूज बघा. मात्र प्लगला थेट बॅटरी जोडून तपासू नका. नवे प्लग कमी व्होल्टचे असतात, क्षणात जळतात. आणि प्लग स्वतः काढायच्या फंदात पडू नका. वर्षानुवर्षं अडकलेला प्लग आत तुटला, तर साध्या दुरुस्तीचं बिल कितीतरी पटींनी फुगतं.

तीन गोष्टी मात्र टाळा. इथर असलेला स्टार्टिंग स्प्रे तापलेल्या ग्लो प्लगवर मारू नका, इंजिनात स्फोट होऊ शकतो. ‘पूर्वी गावाकडे घालायचे’ म्हणून डिझेलमध्ये पेट्रोल मिसळू नका, आजचे पंप डिझेलच्याच वंगणावर चालतात. आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर माझ्यासारखी बॅटरीही घालवून बसाल.

माझ्या गाडीचे चारपैकी तीन प्लग मेलेले निघाले. नवे चार प्लग त्या आधीच्या बॅटरीपेक्षा स्वस्तात आले. गॅरेजवाल्याला मी या वेळी ‘सुरू होत नाही’ एवढंच सांगितलं नाही. ‘वेगाने फिरते, पांढरा धूर येतो, दोनदा तापवल्यावर पकडते’ असं सांगितलं. त्याने सरळ प्लगच तपासले. तासाभराचं काम.

तेव्हा या आठवड्यात, कुणाला आणायला जायचं नसेल अशा एखाद्या थंड सकाळी, पाच मिनिटं काढा. आवाज ऐका, धूर बघा, दिवा बघा आणि एका कागदावर लिहून ठेवा. सासूबाई यंदा पुन्हा येताहेत. विमान पहाटेचंच आहे. गाडी मी कालच तपासली.