जर्बिलचं नाक आणि कुंभाराचं गाढव

गेल्या खेपेला आपण कारण कशाला म्हणायचं, या प्रश्नापाशी थांबलो होतो. त्यानंतर इंग्लंडमधल्या एका श्रोत्या बाईंचं पत्र आलं. त्यांच्या लेकीने जर्बिलची एक जोडी पाळली आहे. त्यातल्या एकीच्या नाकाभोवतीचे केस गेलेत, कातडी लाल झाली आहे आणि वर तांबूस खपली धरते. घरातलं मलम लावलं की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. त्या विचारतात, ‘सर, तुमचा कारणविचार इथे काही कामाला येतो का?’ येतो. औषध देणं पशुवैद्याचं काम, ते मी करणार नाही. पण मलम लावूनही दुखणं का परततं, हा प्रश्न आपल्या अंगणातलाच आहे.

ज्यांनी जर्बिल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उंदराएवढा, शेपटीला केसांचा झुबका असलेला प्राणी. घरोघरी पाळतात तो मंगोलियन जर्बिल. मूळ घर मंगोलिया आणि उत्तर चीनची कोरडी गवताळ मैदानं. तिथे तो जमिनीत बिळं खणतो आणि कुटुंबाने राहतो. १९३५ साली अमूर नदीच्या खोऱ्यात काही जोड्या पकडल्या गेल्या, त्यांची पिलावळ जपानमार्गे १९५४ साली अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी गेली, आणि तिथून पुढे तो लोकांच्या दिवाणखान्यात आला. कोरड्या हवेतला, बिळातला प्राणी. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ती तांबूस खपली. बघणाऱ्याला वाटतं, रक्त आहे, कुठेतरी जखम झाली. बहुतेकदा ते रक्त नसतं. या प्राण्याच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते. जोहान हार्डर नावाच्या स्विस वैद्याने १६९४ साली ती हरणांत पाहून वर्णिली, म्हणून तिला हार्डेरियन ग्रंथी म्हणतात. तिच्या स्रावात स्निग्ध पदार्थ असतात आणि पॉर्फिरिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं. अतिनील दिव्याखाली पॉर्फिरिन लालसर चमकतं, रक्त चमकत नाही. त्यामुळे डॉक्टर दिवा धरून फरक ओळखू शकतात. हा स्राव अश्रूंच्या नळीतून नाकपुड्यांशी उतरतो. जर्बिल तोंड धुतल्यासारखे पंजे फिरवतो, स्राव लाळेत मिसळतो आणि अंगभर चोपडतो. हे त्याचं नेहमीचं तेल लावणं आहे. मग वाळूत लोळून जास्तीचं तेल काढून टाकतो.

आता या दोन्हीत बिघाड झाला तर? ताण वाढला की स्राव वाढतो. हवा दमट असली, लोळायला वाळू नसली, तर तो साफ होत नाही. नाकाशी साचतो, कातडी चुरचुरते, प्राणी खाजवतो, कातडी फुटते आणि तिथे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू घर करतात. मलम फार तर या शेवटच्या पायरीवर काम करतं. वरून स्राव उतरतोच आहे! दोन दिवसांनी दुखणं का परततं, हे यातच आलं.

मग खरं कारण कोणतं? ग्रंथी? प्रयोगात ती काढून टाकलेल्या जर्बिलना हे चट्टे होत नाहीत, असं दिसलेलं आहे. पण थांबा. त्या न्यायाने नाक हेही कारण ठरेल, नाकच नसतं तर नाक दुखलं नसतं! ग्रंथी निरोगी जर्बिललाही असते. तिच्यावर सगळं ढकललं तर शेजारच्या जर्बिलचं नाक ठीक का, हे सांगता येत नाही. आपल्या नैयायिकांनी इथे कुंभाराचं गाढव आणलं. माती गाढवाच्या पाठीवरून आली, पण म्हणून घड्याच्या कारणांत गाढव मोजायचं नाही. माती डोक्यावरून आणली तरी घडा होतोच. आधी हजर होता एवढ्याने कोणी कारण होत नाही. बाई लिहितात, दुखणं नवं खाद्य आणल्यावर सुरू झालं. असेलही. पण त्याच आठवड्यात पिंजरा हलवला होता, हेही त्यांच्याच पत्रात आहे. खाद्य हे गाढव आहे की माती, ते तपासायला हवं.

खाद्याच्या आधी मी तरी पिंजरा बघेन. सळ्यांचा असेल तर प्राणी सळ्या चावतो आणि नाक घासून घेतो. यात स्रावाचा संबंधही नसेल. जर्बिल कोपऱ्यात तासन् तास उकरत बसतो ते अनेकांनी पाहिलं असेल. त्याला मोकळी माती किंवा वाळू दिली की भागेल असं वाटतं. ख्रिस्टोफ विडेनमायर या संशोधकाचं १९९७ सालचं काम वेगळं सांगतं: नुसती वाळू मिळालेली पिल्लं उकरतच राहिली, बोगद्यातून पोचता येणारं बीळ मिळालेली पिल्लं त्या नादाला फारशी लागली नाहीत. म्हणजे खणणं हा त्याचा छंद नव्हता, त्याला आसरा हवा होता. मला हा प्रयोग फार आवडतो. आपण प्राण्याची हालचाल बघतो आणि गरज ओळखली असं समजतो.

तर बाईंना माझं म्हणणं असं. काचेची टाकी घ्या, वर जाळीचं झाकण. तळाशी वीसेक सेंटिमीटर खोल कागदी भुसा किंवा चांगला बिनधुळीचा बिछाना, म्हणजे बोगदे टिकतील. देवदार आणि पाइनचा वासाचा भुसा नको. लपायला घर द्या. लोळायला कोरडी, स्वच्छ वाळू ठेवा, पिठासारखी धूळ नव्हे. आर्द्रतामापक लावा आणि आकडा ५० टक्क्यांच्या खाली ठेवा. पाण्याची बाटली गळते का तेही बघा. (मुंबईच्या पावसाळ्यात हा प्राणी पाळायचा म्हणणाऱ्यांनी इथे जरा विचार करावा.)

तर्कशास्त्राचा विद्यार्थी विचारेल, एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कारण कळेल ना? बरोबर आहे, मिलने तेच शिकवलं. पण इथे मी सगळं एकदम बदलायला सांगतो. नेमकं कशाने बरं झालं ते कळणार नाही, नको कळायला. आपल्या ज्ञानासाठी तिने आणखी महिनाभर नाक खाजवत बसायचं का?

हे करतानाच डॉक्टरांकडे जायचं, नंतर नाही. पिंजरा सुधारला म्हणून आत शिरलेले जंतू निघून जात नाहीत, आणि हेच चट्टे परजीवी किडीमुळे किंवा गाठीमुळेही दिसू शकतात. लहान प्राण्यांची सवय असलेला डॉक्टर बघा. माणसांचं मलम बंद करा. लावलेलं सगळं ती चाटते, आणि स्टेरॉइडचं मलम असेल तर जंतुसंसर्ग बळावतो. जेमतेम सत्तर-ऐंशी ग्रॅमचा जीव, अंदाजाने औषध देऊन चालत नाही. स्ट्रेप्टोमायसिन तर जर्बिलना विषारी ठरतं, मरण ओढवू शकतं. खपली नखाने काढू नका. चट्टा पसरतोय, खाणं सुटलंय, श्वासाला आवाज येतोय असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाईंचा शेवटचा प्रश्न, दुसरीला वेगळी ठेवू का? सहसा नको. हे प्राणी एकमेकींना वासाने ओळखतात. काही दिवस वेगळ्या राहिल्या तर परत एकत्र आणताना जीवघेणी मारामारी होऊ शकते. मात्र दुसरीच तिला चावत, पळवत असेल, तर ताणाचं कारण तीच. मग टाकीत मध्ये जाळी लावा आणि डॉक्टरांना तेही सांगा. बाकीचे प्रश्न चहानंतर घेऊ.