जुन्या पिकअप ट्रकमधील स्वयंचलित गिअर-बदलाचा हिसका : लक्षण, कारण आणि तपासणीचा क्रम

प्रस्तावना :

अमेरिकेच्या ग्रामीण व निमशहरी भागात पिकअप ट्रक हे अनेकांच्या उपजीविकेचे साधन आहे. गवताचे भारे, सुताराची हत्यारे, बांधकामाचे साहित्य, मागे जोडलेली जनावरांची गाडी असे ओझे वीस-पंचवीस वर्षे वाहिलेले ट्रक तेथे आजही रोजच्या कामात असतात. अशा ट्रकच्या स्वयंचलित ट्रान्समिशनची पुनर्बांधणी करावयाची झाल्यास तिचा खर्च पुष्कळदा ट्रकच्या बाजारभावाच्या घरात जातो. साहजिकच गिअर बदलताना हिसके बसू लागले की मालकासमोर मोठा खर्च किंवा भंगार, असे दोनच मार्ग उभे राहतात. वस्तुतः या दोहोंच्या दरम्यान बरेच काही शक्य असते. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले व जीएमसी पिकअपमध्ये दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ४एल६०-ई या ट्रान्समिशनचे उदाहरण घेऊन हिसक्याच्या कारणांचा शोध कसा घ्यावा, तसेच हिसका हा अनेकदा यंत्राने स्वतःच्या बचावासाठी घेतलेला पवित्रा कसा असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

यंत्ररचना व दाबाचे कार्य :

१९८२ साली आलेल्या ७००-आर४ या चार गिअरच्या ट्रान्समिशनला १९९० मध्ये ४एल६० असे नाव मिळाले आणि १९९३ च्या सुमारास त्याची संगणक-नियंत्रित आवृत्ती, म्हणजेच ४एल६०-ई, प्रचारात आली. इंजिनची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलाच्या प्रवाहातून आत येते. आतील दंतचक्रे कायम एकमेकांत गुंतलेली असतात. कोणते चक्र फिरावे आणि कोणते जखडून राहावे हे क्लचच्या चकत्या व एक पोलादी पट्टा ठरवितात. गिअर बदलणे म्हणजे एक पकड सोडणे वा दुसरी आवळणे. ही पकड तेलाच्या दाबाने आवळली जाते. दाब अपुरा असल्यास चकत्या घसरतात, तापतात व जळतात. दाब आवश्यकतेहून अधिक असल्यास पकड एकदम बसते आणि चालकास हिसका जाणवतो.

हा दाब किती असावा हे संगणक अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती, इंजिनावरील भार व गाडीचा वेग यांवरून ठरवितो आणि एका सोलेनॉइडला तेवढा विद्युतप्रवाह देतो. येथे रचनाकारांनी एक दूरदर्शी योजना केली आहे. प्रवाह वाढला की दाब कमी होतो आणि प्रवाह शून्यावर आला की दाब कमाल होतो. म्हणजे वायर तुटली वा संपर्क गंजला, तरी चकत्या घसरून जळत नाहीत. गाडी हिसके देत का होईना, घरी पोहोचते. गिअर ठरविणाऱ्या दोन्ही सोलेनॉइडचा पुरवठा तुटल्यास ट्रक पुढे जाताना तिसऱ्या गिअरमध्येच राहतो, तेही याच विचाराने. म्हणून ‘ट्रक जड उठतो, गिअर बदलतच नाही आणि मागे घेताना जोराचा धक्का बसतो’ अशी तक्रार आली, तर प्रथम फ्यूज व कनेक्टर पाहावेत. पाना नंतर उचलावा.

(भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून परिचित झालेल्या एएमटी गाड्यांमधील झोका मात्र निराळ्या जातीचा आहे. तेथे साध्याच गिअरबॉक्सचा क्लच व गिअर यंत्राकरवी हलविले जातात. त्यास पुढील विवेचन लागू पडत नाही.)

लक्षणाचे वर्णन आणि बाह्य तपासणी :

न्यायदर्शनात कार्यावरून कारणाचे अनुमान करण्याचे उदाहरण म्हणून नदीचा पूर दिला जातो : पूर आला, त्याअर्थी वर पाऊस पडला असावा. त्यावरील आक्षेपही तेथेच नोंदविलेला आहे. प्रवाह अडविल्यानेही पाणी चढू शकते. उत्तर असे, की अनुमान नुसत्या पाण्याच्या चढण्यावरून करावयाचे नसून त्याच्या विशेषांवरून करावयाचे असते. मोटारदुरुस्तीच्या कामात हा भेद अक्षरशः पैशाचा आहे. ‘गिअर हिसके देतो’ हे नुसते पाण्याचे चढणे झाले. हिसका कोणत्या दोन गिअरांमध्ये, इंजिन थंड असताना की तापल्यावर, हलक्या पायाने चालविताना की चढावर, आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो जातो काय, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

हिसक्याचा उगम ट्रान्समिशनच्या बाहेरही असतो. थांबताना किंवा निघताना ‘ठक्’ असा आवाज येत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचे झिजलेले सांधे वा कोरडा पडलेला सरकता जोड तपासावा. इंजिन व ट्रान्समिशन यांचे रबरी आधार फाटले असल्यास साधा गिअर-बदलही धक्क्यासारखा जाणवतो. अ‍ॅक्सिलरेटरच्या सेन्सरने चुकीचा भार सांगितला, तर संगणक प्रामाणिकपणे चुकीचा दाब देतो. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वेगाला खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होत असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने ब्रेक किंचित स्पर्शावा, अर्थात मागे वाहन नसताना. ब्रेकचा स्विच कन्व्हर्टरचा लॉक सोडवितो. त्याच क्षणी थरथर थांबली तर संशय लॉकवर जातो, न थांबल्यास इंजिनाचा एखादा सिलिंडर चुकत आहे काय हे पाहावे.

तेल पाहावयाचे ते ट्रान्समिशन तापलेले, इंजिन चालू आणि गिअर ‘पार्क’मध्ये असताना. तेल कमी असल्यास पंप हवा ओढतो व पकड उशिरा बसते. जास्त असल्यास ते घुसळून फेसाळते. करपट वास हा रंगापेक्षा अधिक विश्वासार्ह साक्षीदार होय. मूळच्या डेक्सरॉन-३ च्या जागी २००५ मध्ये आलेले डेक्सरॉन-६ चालते. पॅन काढून साधारण पाच लिटर तेलच बदलता येते, कारण उरलेले बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते.

संरक्षण म्हणून हिसका :

आता मूळ मुद्दा. या ट्रान्समिशनची एक वारंवार आढळणारी तक्रार अशी : थंड असताना ट्रक सुरळीत चालतो, महामार्गावर बराच वेळ गेल्यावर शहरात शिरताना पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना जोराचा हिसका बसतो, किल्ली बंद करून पुन्हा सुरू केल्यास तो काही काळ नाहीसा होतो. मालकास वाटते, दुसरा गिअर गेला. संगणकात नोंदलेला संकेतांक पाहिला तर तो पी १८७० निघतो, आणि त्याचा अर्थ ‘आतील एखादा भाग घसरत आहे’ असा आहे.

घडते ते असे. महामार्गावर टॉर्क कन्व्हर्टर लॉक झाल्यावर इंजिनाचे फेरे व बाहेर पडणारे फेरे जुळावयास हवेत. लॉकचे नियमन करणारा एक छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रात अविरत मागेपुढे हलत असतो. हजारो तासांच्या या हालचालीने छिद्र झिजते, तेल निसटते आणि लॉक घसरू लागतो. संगणकास फेऱ्यांतील तफावत कळते; परंतु घसरण नेमकी कोठे होत आहे हे त्यास कळत नाही. घसरण पुनःपुन्हा आढळली की तो सर्वच पकडी वाचविण्यासाठी लॉक सोडतो आणि दाब कमाल करतो. त्या वाढलेल्या दाबाचा फटका चालकास सर्वाधिक जाणवतो तो पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या बदलात. दोष व्हॉल्व्ह बॉडीतील झिजलेल्या छिद्रात, लक्षण मात्र दुसऱ्या गिअरला!

अशा वेळी संकेतांक पुसून टाकणे वा बाटलीतले एखादे ‘रामबाण’ औषध तेलात ओतणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपविणे होय. लॉकचे घसरणे चालूच राहते, त्याची उष्णता तेलात उतरते आणि किरकोळ झिजेची परिणती जळालेल्या चकत्यांत होते. उलट, व्हॉल्व्ह बॉडी पॅन उतरवून ट्रकखालूनच काढता येते. छिद्र मोठे करून त्यात अस्तर बसविता येते किंवा ती बदलता येते. त्याकरिता संपूर्ण ट्रान्समिशन खाली उतरविण्याचे कारण नाही.

त्याच उघड्या पॅनमधून पहिल्या-दुसऱ्या गिअरचा अ‍ॅक्युम्युलेटरही पाहून घ्यावा. पट्टा आवळला जात असताना थोडे तेल स्वतःकडे घेऊन धक्का शोषणारे, स्प्रिंगवर बसविलेले हे दट्ट्यासारखे साधन आहे. स्प्रिंग मोडली वा दट्ट्या अडकला, तर गादीच निघून गेल्यासारखे होते. दट्ट्यास तडा गेल्यास मात्र तेल निसटून पट्टा घसरतो. सुरुवातीच्या बनावटीतील प्लॅस्टिकच्या दट्ट्याऐवजी पुढे अ‍ॅल्युमिनियमचा वापरात आला.

याची दुसरी बाजू संगणकपूर्व ७००-आर४ मध्ये दिसते. तेथे दाब ठरविणारी केबल अ‍ॅक्सिलरेटरच्या यंत्रणेस जोडलेली असे. ती सैल ठेवली की गिअर लोण्यासारखे मऊ बदलत आणि मालक संतुष्ट होत असे. प्रत्यक्षात दाब भाराच्या मानाने अपुरा पडून तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या चकत्या अल्पावधीत जळून जात. फोर्डच्या सी६ सारख्या त्याहून जुन्या रचनेत निर्वात नळीचा रबरी पडदा हे काम करी; तो फाटल्यास हिसके बसत आणि तेल इंजिनात ओढले जाऊन नळकांड्यातून पांढरा धूर निघे.

ट्रान्समिशन खरोखर उतरवावे लागते केव्हा, याचे उत्तर बहुधा पॅनच देतो. त्यातील चुंबकावर राखाडी, पिठासारखा लेप असणे ही सामान्य झीज होय. लेपाऐवजी बोटांना टोचणारे धातूचे कण आणि तळाशी काळा, करपलेला चकत्यांचा चुरा आढळला, तर दाबमापक लावण्याचे श्रमही घेऊ नयेत.