खांद्यावरची पडशी आणि कॅमेऱ्याची पिशवी

पंढरीच्या वाटेला लागणारा मनुष्य रिकाम्या खांद्याने सहसा निघत नाही. कुणाच्या खांद्यावर भगवी पताका असते, कुणाच्या गळ्यात वीणा, कुणाच्या पोटाशी मृदंग. मायमाउलींच्या मस्तकी तुळशीवृंदावन असते. यांपैकी काहीच ज्याच्या वाट्याला आले नाही, त्याच्यापाशी निदान पडशी असतेच. पुढे एक कप्पा, मागे एक कप्पा आणि मध्ये खांदा, अशी तिची साधी घडण. एकीकडे पंचा आणि अंगरखा, दुसरीकडे दशम्या आणि हरिपाठाची पोथी. ज्या कुणी ही पडशी प्रथम शिवली त्यास भाराचे मर्म पुरते उमगले होते, याविषयी आम्हांस शंका नाही. पुढचे ओझे मागच्या ओझ्यास तोलून धरते, आणि दोन्ही हात टाळांसाठी मोकळे राहतात.

अलीकडे या पडशीच्या शेजारी आणखी एक पिशवी वारीच्या वाटेवर दिसू लागली आहे. ती कॅमेऱ्याची. तिचा एकच रुंद पट्टा छातीवरून तिरका जातो, जानवे जावे तसा. पिशवी पाठीवर बसते, आणि कॅमेरा हवा असेल तेव्हा ती न उतरविता काखेखालून फिरवून पोटाशी आणता येते. दुकानदार तीस ‘स्लिंग बॅग’ म्हणतात. गिरगावातील फणसवाडीत, जेथे व्यंकटेशाच्या देवळाचे दाक्षिणात्य गोपुर चाळींच्या शेजारी उभे आहे, तेथील घरांतूनही आता अशा पिशव्या खुंटीला लटकलेल्या आढळतात. आळंदीपासून पंढरपुरापर्यंतची सारी वाट पायी चालणे नोकरदार गिरगावकरांस क्वचितच साधते. तथापि ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सुमारास पुण्यास जावे, माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढून सासवडपर्यंत चालावे आणि रात्री परतीची गाडी धरावी, एवढे अनेक जण करतात. घरातील तरुण मुलगा अशा वेळी ती पिशवी खांद्याला अडकवितो, आणि आजी उंबऱ्यातून विचारते, “वारीला चाललास, की फोटो काढायला?”

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. आम्ही स्वतः त्याचा पुष्कळ विचार केला आहे.

कॅमेरा आणि देवधर्म यांचे वैर मुळातच आहे असे म्हणावे, तर गिरगावास ते मान्य होणार नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी याच गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्याच्याही पूर्वी, 1854 मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या छायाचित्रकारांत गणले जात. परंतु त्या पिढीस कॅमेरा घेऊन दिंडीत चालणे शक्यच नव्हते. काचेच्या तावदानावर ओले रसायन पसरावे, ते ओले आहे तोवरच चित्र घ्यावे आणि लगेच अंधारात धुवावे, अशी ती रीत. म्हणजे तिवई, काचा, बाटल्या आणि अंधाराचा तंबू यांचे बिऱ्हाड बरोबर हवे, आणि ते वाहावयास हमाल हवेत. छायाचित्रकार एके जागी ठाण मांडून बसे. वाट चालणाऱ्यांपैकी तो होऊ शकत नसे. पुढे फिल्मचे लहान कॅमेरे आले आणि यंत्र माणसाच्या खांद्यावर चढले. संदेश भंडारे यांच्यासारख्या छायाचित्रकाराने ‘वारी : एक आनंदयात्रा’ हे पुस्तक सिद्ध केले ते वारकऱ्यांच्या संगतीने फिरून. तेव्हा कॅमेऱ्यास वारीत स्थान नाही, असे आम्ही म्हणत नाही. मात्र ते स्थान पिशवीत असावे, असे आमचे मत आहे. कॅमेरा गळ्यात लोंबत राहिला की डोळा सारखा त्याच्याकडे धावतो, एक हात त्यास सावरण्यात गुंततो, आणि शेजारचा वारकरी टाळ पुढे करतो तेव्हा घ्यावयास हात उरत नाही. तोच कॅमेरा पाठीवर बंद असेल तर चार अभंग चालीवर म्हणून होतात, आणि मग एखादे दृश्य खरोखरच मनात भरले तर तो बाहेर येतो.

आता या पिशवीविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण दुकानात त्या कुणी सांगत नाही.

वारीत भेटेल त्यास ‘माउली’ म्हणावयाचे आणि परस्परांच्या पाया पडावयाचे, हा शिरस्ता आहे. पट्टा सैल असेल तर वाकताक्षणी पाठीवरची पिशवी सरकून पुढे येते आणि समोरच्या माउलींच्या कपाळावर आदळते. पाया पडावयास गेलेल्याने वृद्ध वारकऱ्यास टेंगूळ आणावे, याहून लाजिरवाणे ते काय? पुष्कळ पिशव्यांना कमरेशी जोडावयाचा एक बारीक जोडपट्टा असतो. निरुपयोगी समजून तो कापून टाकणारे आम्ही पाहिले आहेत. तो ठेवावा, आणि चालताना लावावा.

दुसरी गोष्ट खांद्याची. पडशीचा तोल या पिशवीस नाही. सारा भार एका खांद्यावर येतो. कॅमेरा, दोन भिंगे, पाण्याची बाटली आणि छत्री एवढे भरले की तीन-चार किलो सहज होतात. घरी ते काहीच वाटत नाही. पुणे ते सासवड हा टप्पा सुमारे तीस किलोमीटरांचा, त्यात दिवेघाटाची चढण, आणि बहुतेकांस एकादशीचा उपवास. माउलींच्या रथालाही तेथे जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात, मग आपल्या खांद्याची काय कथा! म्हणून एकच भिंग न्यावे. पट्टा दोन्ही खांद्यांवर चालेल अशीच पिशवी घ्यावी. काही पिशव्या एकाच खांद्यासाठी शिवलेल्या असतात, त्या सव्याच्या अपसव्य करता येत नाहीत, आणि घाटमाथ्यावर पोहोचेतो मान आखडते.

तिसरी गोष्ट धुळीची, आणि ही धूळ पवित्र असल्यामुळे अधिक जपावयाची. बुक्का, गुलाल आणि विशेषतः जेजुरीचा भंडारा हे अतिशय सूक्ष्म चूर्ण. खंडोबाच्या गडावर भंडारा उधळला जात असताना भिंग बदलावयास कॅमेरा उघडला, की हळद थेट यंत्राच्या अंतर्भागात शिरते आणि पुढच्या प्रत्येक छायाचित्रावर तिचे ठिपके उमटतात. भिंग मुक्कामावरच बदलावे आणि पिशवीची चेन प्रत्येक वेळी लावावी. गर्दीत हीच चेन उघडी राहिली तर धुळीबरोबर चोराचा हातही आत जातो. दाटीत पिशवी पाठीवर न ठेवता पोटाशी घ्यावी.

पूर्वी कॅमेऱ्यास कातडी म्यान असे, आणि सोवळे पाळणाऱ्या घरांत ते देवघराबाहेरच ठेवण्याची ताकीद असे. आताच्या पिशव्या बहुधा नायलॉनच्या असतात. तरीही पट्ट्याला किंवा बुडाला कातड्याचा तुकडा जोडलेला आढळतो. ज्या घरांत हा विधिनिषेध आहे त्यांनी घेतानाच पाहून घ्यावे. दशम्यांचे तेल आणि भिंगाची काच यांचेही सख्य नाही. प्रसाद आणि फराळ यांसाठी वेगळी कापडी पिशवी असू द्यावी.

देवदर्शनाच्या वेळी मात्र पिशवीचे काही काम नाही. तिरुमलेस मंदिरात कॅमेरा नेण्यास मनाईच आहे, हे फणसवाडीच्या व्यंकटेशभक्तांस सांगावयास नको. पंढरीसही दर्शनबारीत उभे राहण्यापूर्वी ती मुक्कामावर घरच्या कुणाच्या स्वाधीन करून जावे. तासन् तास रांगेत उभे राहून लाभलेले ते काही क्षण पट्टा सावरण्यात घालवू नयेत. रिंगणाच्या ठिकाणी, मग ते चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण असो वा पुढचे गोल, दोरीच्या आत घुसणारे कॅमेरेवाले पाहिले की आम्हांस खेद होतो. अश्व भरधाव धावत असतो, आणि त्याच्या टापांची माती कपाळी लावण्यास लोक ताटकळत असतात. त्यांच्या आणि अश्वाच्या मध्ये उभे राहण्याचा अधिकार आपणांस पिशवीने दिलेला नाही.

आणखी एक. डोईवर तुळस घेतलेल्या वृद्धेचे छायाचित्र आषाढात कुठे ना कुठे छापून येते. ते ती स्वतः पाहते का? बहुधा नाही. नीरेच्या काठी वा चंद्रभागेत स्नान करणाऱ्या स्त्रियांकडे कॅमेरा वळवूच नये. इतरांचेही चित्र विचारूनच घ्यावे. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात एक लहान वही आणि पेन्सिल ठेवावी. ज्यांचे चित्र घेतले त्यांची हरकत नसेल तर नाव, गाव आणि तालुका लिहून घ्यावा, आणि परतल्यावर कागदावर छापलेली प्रत टपालाने धाडावी. मोबाइलवर धाडता येते हे खरे. पण देवघराशेजारी भिंतीवर लावता येते ती कागदाची प्रत. फणसवाडीतल्या आमच्या परिचयाच्या एका घरातून अशा प्रती जातात. एकदा उत्तरादाखल त्यांच्याकडे ज्वारीच्या लाह्यांची पुरचुंडी आली. ती त्यांनी देवापुढे ठेवली, मग चाळीत वाटली.

घरी परतल्यावर पिशवी रिकामी करून उलटी झटकावी. मुंबईच्या दमट हवेत ओल्या पिशवीत राहिलेल्या भिंगावर बुरशी धरते, आणि ती एकदा खोल शिरली की काढणे कठीण. कॅमेरा आणि भिंग कोरड्या फडक्याने पुसून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पिशवी साध्या पाण्याने धुऊन चाळीच्या गॅलरीत दांडीवर पसरावी. आषाढात ती दोन दिवसांत वाळत नाही; चार दिवस लागतात.