मिगचे रिव्हेट आणि संगणकाचा दम

मालवणच्या आमच्या घरी गेल्या दिवाळीत खर्चाचा एक प्रस्ताव आला. अर्जदार माझा नातू आणि मागणी नव्या ग्राफिक्स कार्डाची. बँकेत उभी हयात कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला होता : अडचण नेमकी कोठे आहे, आणि ती याच वस्तूने दूर होईल का?

४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला. त्या दिवशी आकाशात मिग-२९के विमाने पाहिल्यापासून नातवाने संगणकावर त्या विमानाची त्रिमिती प्रतिकृती घडवायला घेतली होती. हवाई युद्धाच्या सिम्युलेटरमध्ये ते एकटे उडताना चित्र सुरळीत चाले; परंतु बारा विमाने आकाशात आली की चित्र अडखळू लागे. अशा खेळात अडखळणे परवडत नाही, कारण नेम धरण्याचा क्षणच हातून निसटतो.

वाचकहो, या यंत्राचा हिशेब आपल्या पेढीच्या हिशेबाहून फारसा वेगळा नाही. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसरने साऱ्या विमानांची गती आणि शत्रूच्या हालचाली ठरवायच्या, तर ग्राफिक्स कार्डाने चित्र रंगवायचे. दोघांपैकी एक जरी रेंगाळला, तरी दुसऱ्याला खोळंबावे लागते.

म्हणून आम्ही आधी एक साधी चाचणी घेतली. पडद्यावरील बिंदूंची संख्या निम्म्यावर आणली. रंगकामाचा भार अडचणीचा असता, तर वेग वाढायला हवा होता. तो तसूभरही वाढला नाही. म्हणजे दोष रंगवण्यात नव्हता. तो प्रोसेसरवरील भारात किंवा त्रिकोणांच्या राशीत होता.

शोध घेता दोन्ही सापडले. नातवाने विमानाच्या साठ भागांना साठ स्वतंत्र रंगसाहित्ये दिली होती. अशा प्रत्येक भागासाठी प्रोसेसरला कार्डाकडे वेगळी आज्ञा धाडावी लागते. बँकेच्या खिडकीवर साठ रुपयांचे एक चलन चटकन निघते. एकेका रुपयाची साठ चलने आली की रांग दारापर्यंत जाते. त्याने बहुतेक भागांची चित्रे एकाच मोठ्या चित्रपटलावर एकत्र बसवली आणि आज्ञा एकदम घटल्या.

दुसरा प्रश्न रिव्हेटांचा. प्रत्येक रिव्हेट त्याने त्रिकोणांतून घडवला होता. वास्कोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात आम्ही सी हॅरियरसमोर उभे राहिलो. हाताच्या अंतरावर रिव्हेट स्पष्ट दिसत. काही पावले मागे सरताच ते पत्र्यात मिसळून गेले. घरी येऊन त्याने रिव्हेटांचा उठाव ‘नॉर्मल मॅप’ नावाच्या चित्रात नोंदवला. त्या नोंदीनुसार प्रकाश पडतो, त्यामुळे सपाट पृष्ठभागही उठावदार भासतो आणि हजारो त्रिकोण वाचतात.

राहिला अंतराचा प्रश्न. दृश्य ६० अंशांचे आणि पडदा १,९२० बिंदू रुंद धरला, तर सुमारे १७ मीटर लांबीचे हे विमान आडवे उडत असता ३ किलोमीटरवरून जेमतेम १० बिंदू व्यापते. ५० मीटरवरून मात्र ५६० हून अधिक. दहा बिंदूंसाठी लाख त्रिकोण खर्चणे ही शुद्ध उधळपट्टी होय. जेम्स क्लार्क या अमेरिकी संशोधकाने १९७६ मध्येच अंतरानुसार कमी-अधिक तपशिलाच्या प्रतिकृती वापरण्याचा विचार मांडला होता. नातवाने तीन प्रतिकृती केल्या : एक लाख, वीस हजार आणि एक हजार त्रिकोणांच्या. बारा विमानांपैकी दोन जवळ, चार मध्यावर आणि सहा दूर असतील, तर बारा लाखांऐवजी २,८६,००० त्रिकोणांत काम भागते.

मात्र काटकसर आंधळी नसावी. वैमानिकाची नजर सदैव जिथे असते, त्या कॉकपिटमधील तबकड्या त्याने जशाच्या तशा ठेवल्या. दूरच्या प्रतिकृतीतही पंखांची व जोडशेपटीची बाह्यरेषा जपली, कारण शत्रू की मित्र हे तिच्यावरूनच ओळखायचे असते.

आता बारा विमाने सुरळीत उडतात. कार्डाचा प्रस्ताव अर्जदारानेच मागे घेतला. पुढे कार्डाची स्मृती खरोखर अपुरी पडली, तर तो मी मंजूरही करीन. ४,०९६ बिंदूंच्या चौरसाचे एक चित्र न दाबता ठेवल्यास ६४ मेगाबाइट जागा घेते. बाजू निम्मी केली तर १६. अशी दहा-वीस चित्रे जमली की जुन्या कार्डाची कोठी भरते.

आपल्या घरीही असा अर्ज आला, तर तो एकदम नाकारू नका आणि एकदम मंजूरही करू नका. मुलाशेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्याच्याकडूनच चाचणी करून घ्या. त्या दोन महिन्यांत आम्हा दोघांची जी जवळीक झाली, ती माझ्या लेखी कार्डाच्या किमतीहून मोठी आहे.