कंपायलरवर किती विसंबावे?

दुभाष्याने अर्थ राखला म्हणजे आपले समाधान होते. त्याने बोलण्यास किती वेळ घेतला, हे कोणी मोजत नाही. गूढलेखनाच्या लायब्ररीला मात्र तेवढ्याने भागत नाही. मनुष्याने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाष्या म्हणजे कंपायलर. त्याला दिलेल्या सूचनांवर कधी कधी गुपिताचे रक्षणच अवलंबून असते.

पहिली अडचण उघड असते. 2010 पासून इंटेलच्या प्रोसेसरांत ‘एईएस’ या गूढलेखन-पद्धतीसाठी खास आज्ञा आल्या. त्या वापरण्याची परवानगी जीसीसी व क्लँग या कंपायलरांना स्पष्टपणे द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला तशी गरज नसते. परवानगी नसेल तर जीसीसी बांधणीच थांबवतो. घाईने ती सबंध लायब्ररीला दिली, तर जुन्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम अनोळखी आज्ञेपाशी कोसळू शकतो. म्हणून आधी कंपायलर ओळखावा, मग परवानगी द्यावी, आणि तीही त्या आज्ञा वापरणाऱ्या फाइलींपुरतीच. पुढे प्रोग्रॅमने चालताना प्रोसेसरची कुवत पाहूनच त्या वाटेने जावे.

दुसरी अडचण मुकी असते. क्वांटम संगणकापुढेही टिकावी म्हणून रचलेल्या ‘कायबर’ पद्धतीच्या नमुना-प्रोग्रॅमात गुप्त बिटानुसार वाट बदलू नये, अशी काळजी लेखकांनी घेतली होती. तथापि क्लँगच्या काही आवृत्त्यांनी, विशिष्ट पर्याय दिले असता, तेथे ‘असे असेल तर’ हा फाटा स्वतःच घातला. उत्तरे बरोबरच येत होती. परंतु लागणारा वेळ गुप्त बिटानुसार बदलू लागला. केवळ त्या वेळेच्या मोजमापातून काही मिनिटांत गुप्त किल्ली काढता येते, हे 2024 मध्ये दाखविण्यात आले. यात कंपायलरची चूक म्हणता येत नाही. कारण भाषेच्या नियमांत वेळेचे वचन कोठेच नाही.

यावर उपाय म्हणून ते नाजूक काम वेगळ्या फाइलीत ठेवण्यात आले. त्यामुळे कंपायलरला आतली किंमत आधी कळेना. पण जोडणीच्या वेळी सर्व फाइली एकत्र पाहण्याचा पर्याय दिला, तर हीच भिंत पुन्हा ढासळू शकते.

तात्पर्य, बांधणी निर्वेध झाली आणि उत्तरे जुळली, एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. कंपायलर बदलला, आवृत्ती बदलली, की त्याने घडविलेली यंत्रभाषा पुन्हा तपासावी. किल्ली कुलपातच असते, पण कुलूप कसे वाजते हेही चोर ऐकत असतो.