शेक वेगळा, स्कॅन वेगळा

खारघरच्या सेक्टर 22 मधल्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या नवी मुंबईतल्या केंद्रात, राज्यभरातून आणि राज्याबाहेरून मुलं येतात. सोबत आई, बाबा, कधी मामा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाईल. अशा ठिकाणी बाकावर बसलेल्या पालकांमध्ये ‘आमच्याला काल एमआरआयचा शेक दिला’ हे वाक्य सर्रास चालतं. मशीन अवाढव्य, खोली बंद, लेकरू आत एकटं. मग आत काहीतरी जाळणारं चाललंय असं वाटलं तर नवल नाही.

पण शेक म्हणजे किरणोपचार, आणि स्कॅन म्हणजे फक्त फोटो. मेंदूच्या गाठीला बऱ्याचदा सुमारे 54 ग्रे इतका शेक 30 दिवसांत वाटून देतात. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमध्ये मेंदूला मिळणारे किरण याच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतात. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच. तिथे काम करतात ते चुंबक आणि रेडिओलहरी, आणि धडधड आवाज येतो तो चुंबकाच्या आतल्या वेटोळ्यांमधला प्रवाह झटपट बदलल्यामुळे. सोनोग्राफीत नुसता ध्वनी. गोंधळ व्हायला एक रास्त कारणही आहे. शेक सुरू करण्याआधी आखणीसाठी मुलाला त्याच स्थितीत, तोंडावर जाळीचा मास्क बसवून सीटीत झोपवतात. ॲक्ट्रेकमध्ये 2023 पासून मिळू लागलेल्या प्रोटॉन किरणोपचारालाही ही आखणी लागतेच. मास्क तोच, मशीन दिसायला तसंच, काम मात्र वेगळं.

‘सीटीने कॅन्सर होतो’ हे खोटं नाही, अर्धवट आहे. युरोपातल्या नऊ देशांत लहानपणी आणि तरुणपणी सीटी झालेल्या जवळपास साडेनऊ लाख लोकांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा हिशेब असा: आज 10,000 मुलांचा सीटी केला, तर पुढच्या बारा वर्षांत त्यामुळे रक्ताशी निगडित कॅन्सर होणारी एक-दोन मुलं निघतील. हा धोका शून्य नाही, म्हणून मुलांचा सीटी वजन-वय बघून कमी किरणांत करायचा असतो. पण मूत्रपिंडात विल्म्स ट्यूमर असेल, तर तो पसरतो मुख्यतः फुप्फुसात, आणि छातीचा सीटी न करता उपचार ठरवणं म्हणजे अंधारात बाण मारणं. उलट डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमात, विशेषतः आनुवंशिक प्रकारात, दुसऱ्या कॅन्सरचा धोका आधीच जास्त असल्याने सीटी टाळून एमआरआय करतात. म्हणून ‘सीटी नको’ असं सरसकट म्हणण्याऐवजी डॉक्टरांना विचारावं: या फोटोने उपचारात काय बदलणार आहे? सोनोग्राफीने भागेल का? यात उद्धटपणा कसला? चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो.

पेट स्कॅनभोवतीचे गैरसमज सगळ्यांत चिवट. यात ग्लुकोजसारखा पदार्थ टोचतात आणि गाठ तो अधाशासारखा ओढून घेते, एवढं ऐकलं की कुणीतरी नातेवाईक फर्मान काढतो: गूळ-साखर बंद, फळं बंद, भातसुद्धा कमी. पण पेट स्कॅनमध्ये मेंदूही लख्ख दिसतो, कारण त्यालाही ग्लुकोज लागतंच. केमोने आधीच तोंडाची चव गेलेल्या, वजन उतरलेल्या पोराची साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही, पोर मात्र खंगतं. स्कॅनआधी उपाशी ठेवतात ते निराळ्या कारणाने: नुकतं खाल्लेलं असलं की इन्सुलिन वाढतं, टोचलेला पदार्थ स्नायूंमध्ये जातो आणि फोटो बिघडतो. इंजेक्शननंतर तासभर निवांत पडून राहायचं, तेही त्यासाठीच. मूल पळालं की पायांचे स्नायू उजळतात. एसीत कुडकुडलं, तर मानेजवळची तपकिरी चरबी उजळते आणि तिथे गाठी असल्याचा भास होतो. त्यामुळे घरून एक गोधडी न्यावी, तिथल्या पातळ चादरीवर भिस्त ठेवू नये.

‘स्कॅननंतर पोराला जवळ घेऊ नका, भांडी वेगळी ठेवा’ हाही असाच सल्ला. पेटसाठी टोचलेल्या पदार्थातलं किरणोत्सारी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. सकाळी दहाला टोचलेलं रात्री दहाला जेमतेम एक टक्का उरतं, आणि त्यातलं काही त्याआधीच लघवीवाटे जातं. त्या दिवशी पाणी भरपूर पाजावं, डायपर बदलल्यावर हात धुवावेत, गरोदर बाईने काही तास मुलाला मांडीवर घेऊ नये. भांडी वेगळी ठेवायची गरज नाही. न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरसाठी होणाऱ्या एमआयबीजी स्कॅनची गोष्ट थोडी वेगळी. त्यात किरणोत्सारी आयोडीन असतं. आयोडीन-131 वापरलं तर ते निम्मं व्हायला आठ दिवस लागतात, म्हणून त्याच्या सूचना वेगळ्या आणि त्या पाळायच्याच. या स्कॅनआधी थायरॉइड वाचवण्यासाठी आयोडीनचे थेंब देतात. ‘हे काही कॅन्सरचं औषध नाही’ म्हणून ते चुकवणारे पालक असतात. ते चुकवू नयेत.

रिपोर्ट हातात पडला की मोबाईलवर शोध सुरू होतो, आणि ‘अपटेक’ (म्हणजे टोचलेला पदार्थ तिथे ओढला गेला) हा शब्द दिसला की घरात रडारड. मुलांच्या बाबतीत हा शब्द जपून वाचावा लागतो. केमो संपल्यावर छातीतली थायमस ग्रंथी पुन्हा फुगते आणि स्कॅनमध्ये उजळते. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं घेतली असतील, तर हाडांतला मगज उजळतो. वाढत्या हाडांची टोकंही उजळतात. यातलं काहीच कॅन्सर परतल्याचं लक्षण नाही. फक्त स्कॅन वाचणाऱ्याला शेवटची केमो आणि शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते माहीत असायला हवं. म्हणून त्या तारखा फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

‘रक्ताचा कॅन्सर आहे, मग पेट का सांगत नाहीत? पैसे वाचवतात का?’ नाही. मुलांत सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियाचं निदान रक्त आणि बोनमॅरो तपासूनच होतं, आणि औषध लागू पडलं की नाही हेही मुख्यतः मॅरोवरूनच कळतं.

आता सीडीचं. गावाकडच्या सेंटरवर झालेल्या स्कॅनची छापील फिल्म लोक जपतात आणि सीडी ‘ती कशाला’ म्हणून तिथेच सोडतात. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सीडीत शेकडो काप असतात, डॉक्टर ते पुढेमागे सरकवून गाठ मोजतात. सीडी नसली, तर पुष्कळदा तोच स्कॅन पुन्हा करावा लागतो, लहान मूल असेल तर पुन्हा भूल देऊन.