खेळाची वेळ कोणाच्या हाती?

सामना कसा खेळावयाचा हे खेळाडू ठरवितात, नियम पाळले गेले की नाहीत हे पंच पाहतात. पण सामना किती वाजता सुरू व्हावयाचा हे कोण ठरवितो, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. अमेरिकेतील क्रीडारसिक मात्र गेली पन्नासहून अधिक वर्षे तो विचारीत आहेत, आणि रागाने विचारीत आहेत. त्यांचा राग समजून घेण्यासाठी आज बेसबॉलचे उदाहरण घेऊ.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून त्याची रीत थोडक्यात सांगतो. सामना नऊ डावांचा. प्रत्येक डावात दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. येथे षटके मोजलेली नसतात. नऊ डावांनंतर बरोबरी झाली, तर निकाल लागेपर्यंत दहावा, अकरावा, बारावा असे डाव चालूच राहतात. म्हणजे सामना केव्हा सुरू होईल ते सांगता येते, केव्हा संपेल ते सांगता येत नाही. वर्षभराच्या सामन्यांतून निवडलेले संघ ऑक्टोबरात बाद फेऱ्या खेळतात आणि अखेरचे दोन संघ ‘वर्ल्ड सीरीज’मध्ये भिडतात. सातांपैकी चार सामने जो जिंकेल तो विजेता. १९०३ साली सुरू झालेली ही मालिका म्हणजे तिकडच्या लोकांचा सणच होय.

पुष्कळ वर्षे हा सण दिवसाउजेडी साजरा होई. १९४७ साली तो टेलिव्हिजनवर दिसू लागला, तरी वेळ दुपारचीच राहिली. शाळकरी पोरे वर्गात चोरून रेडिओ ऐकत, कचेऱ्यांतले कारकून काम बाजूला सारून धावसंख्या विचारीत. मग १३ ऑक्टोबर १९७१ रोजी पिट्सबर्ग येथे या मालिकेतील पहिला सामना रात्री, विजेच्या प्रकाशात खेळविला गेला. मैदानावर ५१ हजारांवर माणसे होती. घरी बसून पाहणाऱ्यांची संख्या सहा कोटींच्या घरात गेली, असा अंदाज करण्यात आला. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, की पुढचा सारा इतिहास त्यांतच दिसतो.

न्यायाने बोलावयाचे तर हा बदल वाईट हेतूने झाला नव्हता. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्याला दुपारचा सामना कसा पाहता येणार? बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त बोवी कून यांचे म्हणणे हेच होते, आणि ते खोटे नव्हते. परंतु एकदा दार उघडले की त्यातून कोण आत येईल यावर आपला ताबा राहत नाही.

येथे पैशाचे गणित समजून घेतले पाहिजे. पूर्वी खेळाचे मोठे उत्पन्न दारावरच्या तिकिटांचे. पुढे टेलिव्हिजन कंपन्या प्रक्षेपणाच्या हक्कासाठी प्रचंड रकमा मोजू लागल्या. त्या रकमा वसूल होतात जाहिरातींतून. बेसबॉलमध्ये पाळी बदलताना खेळ थांबतो. नऊ डावांच्या सामन्यात असे सोळा-सतरा विसावे सहज मिळतात, आणि त्यांत जाहिराती बसतात. जाहिरातीचा दर सर्वांत चढा केव्हा? तर रात्री जेवणे उरकून घरोघर माणसे पडद्यासमोर बसतात तेव्हा. म्हणून वर्ल्ड सीरीजचा सामना पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने रात्री आठच्या सुमारास सुरू होऊ लागला. त्या वेळी तीन तास मागे असलेल्या लॉस एंजेलिसमध्ये पाच वाजलेले असतात आणि माणसे अजून कचेरीत किंवा रस्त्यावर असतात. आठ ही वेळ बॉस्टनच्या मुलाला उशिराची, लॉस एंजेलिसच्या कारकुनाला लवकरची. एवढ्या रुंद देशात सर्वांना सोयीची वेळ सापडणे कठीणच; पण निवड करताना प्रेक्षकाची सोय पाहिली की जाहिरातदाराची, एवढाच प्रश्न उरतो.

उत्तर काय मिळाले ते पाहा. १९७६ साली सिनसिनाटी येथे रविवारचा सामना रात्री ठेवण्यात आला, कारण दुपारी टेलिव्हिजनवर फुटबॉल होता. ऑक्टोबरची थंडी झोंबत होती. स्वतः आयुक्त कून ओव्हरकोटाशिवाय बसून राहिले, थंडी काही विशेष नाही हे जगाला दाखविण्यासाठी! लोक त्यावर पुष्कळ हसले. या मालिकेतील दिवसाचा शेवटचा सामना झाला तो २४ ऑक्टोबर १९८७ रोजी, मिनियापोलिसला. आणि तोही छपराखालच्या मैदानात. बाहेर ऊन होते, आत दिवे.

शिकागोच्या रिग्ली फील्ड या जुन्या मैदानावर दिवेच नव्हते. दिवे लावा, नाहीतर बाद फेरीचे तुमचे सामने दुसरीकडे हलवावे लागतील, असे वरून बजावण्यात आले. अखेर ८ ऑगस्ट १९८८ रोजी दिवे लागले. त्या रात्री पावसाने सामना उधळला, तेव्हा जुन्या रसिकांना मनातून थोडे बरेच वाटले असेल.

मध्यरात्रीचे हिशेब तर आणखी विलक्षण आहेत. २००५ साली ह्यूस्टन येथे एक सामना चौदा डाव चालला. तो संपला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. २०१८ साली लॉस एंजेलिसला अठरा डावांचा सामना सात तास वीस मिनिटे रंगला. खेळत होता बॉस्टनचा संघ, आणि बॉस्टनमध्ये पहाटेचे साडेतीन वाजले होते. ज्या गावाचा संघ, त्याच गावातील बहुसंख्य मुले त्या वेळी गाढ झोपेत होती.

बाद फेरीच्या आरंभीची तक्रार वेगळी आहे. एकाच दिवशी अनेक सामने असले की मोठ्या शहरांचे लोकप्रिय संघ रात्रीच्या मोक्याच्या वेळा घेऊन जातात. लहान शहराच्या संघाच्या वाट्याला कामाच्या दिवशीची दुपार येते. कित्येकदा पुढील सामन्याची वेळ आदल्या निकालांवर अवलंबून राहते. महिनाभर पैसे साठवून तिकीट काढलेल्या माणसाने रजा कोणती घ्यावी आणि गाडी कोणती पकडावी? शिवाय पश्चिमेकडे पाचच्या सुमारास उन्हाची तिरीप आणि स्टँडची सावली मैदान दुभंगून टाकतात. चेंडू उन्हातून निघतो नि सावलीत शिरतो. फलंदाजाला तो नीट दिसत नाही. म्हणजे वेळेचा परिणाम खुद्द खेळावरही होतो.

सुधारणा झालीच नाही असे नव्हे. २०२३ साली चेंडू टाकण्यास कालमर्यादा घातली आणि साखळी सामन्यांचा सरासरी वेळ सुमारे चोवीस मिनिटांनी घटला. रसिकांचे मागणे याहून फार मोठे नाही: शनिवार-रविवारचा निदान एक सामना दुपारी ठेवा आणि वेळा आगाऊ कळवा.

हा रोग परक्यांचाच, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. क्रिकेटमध्ये विजेच्या दिव्यांखालच्या सामन्यांना जोर आला तो १९७७ नंतर, ऑस्ट्रेलियातील टेलिव्हिजन कंपनीचे मालक केरी पॅकर यांच्या खटाटोपामुळे. आपल्या आयपीएलचे सामनेही टेलिव्हिजनची वेळ साधून संध्याकाळी साडेसातला सुरू होतात. २०२३ सालचा अंतिम सामना पावसामुळे २९ मे या राखीव दिवशी अहमदाबादला झाला. पाऊस पुन्हा आला, आणि निकाल लागला तेव्हा ३० तारखेचा दीड वाजून गेला होता. पाऊस कोणाच्या हातचा नाही; पण संध्याकाळी उशिरा सुरू केलेल्या खेळाला पावसासाठी जागा राहत नाही, ती मध्यरात्रीतूनच काढावी लागते. आणि वानखेडेवरून कल्याण-विरारकडे निघणाऱ्या प्रेक्षकाला शेवटच्या षटकाइतकीच शेवटच्या लोकलची काळजी असते.

टेलिव्हिजनने खेळ घरोघर नेला, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. परंतु भरलेले मैदान आणि त्यातली आरोळी नसेल, तर तो पडदा काय दाखविणार? आणि खेळाची गोडी लागते ती बहुधा आठव्या-दहाव्या वर्षी, वडिलांच्या शेजारी बसून. ते मूल शेवटचा डाव न पाहताच झोपी जात असेल, तर आजचा जाहिरातदार संतुष्ट होईल. पण आणखी वीस वर्षांनी हाच खेळ पाहावयास कोण बसेल, याचा विचार खेळ चालविणाऱ्यांनीच केला पाहिजे. पैसा देणाऱ्याने वेळ मागावी हे स्वाभाविक आहे. मागेल ती द्यावी की नाही, हे मात्र खेळाच्या विश्वस्तांनी ठरवावयाचे असते.